व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो? खेड्यात राहून जोरदार गाडी निवडायची तर अशी निवडा

आमच्या गावात कोणी दीडशे पीएसची (पीएस म्हणजे इंजिनची ताकद, हॉर्सपॉवरसारखी) सेडान घेतली की पारावर पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते भाऊ?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "एवढ्या पैशात स्कॉर्पिओ आली असती ना, हे काऊन घेतलं?" या दोन प्रश्नांची उत्तरं मी दोन वर्षांपासून देऊन राहिलो. मोर्शी तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे, घरापासून चांगल्या डांबरी रस्त्यापर्यंत ४ किलोमीटर असा रस्ता की ज्याला पावसाळ्यात रस्ता म्हणावं का पांदण हे ठरवता येत नाही, आणि तरी लहानपणापासूनचं गाडीचं वेड काही जात नाही. मी व्हर्टस जीटी घेतली, मॅन्युअल. मावसभावानं महिनाभरात व्हर्ना टर्बो घेतली, ऑटोमॅटिक. दोघांपैकी कोणीच चुकलं नाही, पण दोघांनी अदलाबदल केली असती तर दोघंही पस्तावलो असतो, आणि हे का ते सांगायलाच हे लिहून राहिलो. आपल्याकडं गाडी निवडतो तो घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता, हायवे नाही.

आधी यादी छोटी करा

मोबाईलवर पोर्शे-फेरारीच्या रेसा पाहून डोकं तापलं असेल तर पहिले खिसा पाहा. २०२५ मध्ये भारतात गोल्फ जीटीआय आली ५३ लाखांना आणि ऑक्टाव्हिया आरएस आली ४९.९९ लाखांना, दोन्ही २६५ पीएस आणि ३७० एनएम (एनएम म्हणजे इंजिनची ओढ). ऑक्टाव्हियाचे तर फक्त १०० नग आले होते. तेवढे पैसे असतील तर मी सांगणारा कोण, घ्या आणि एक फेरी मलाही द्या.

बाकीच्यांसाठी खरी भांडणं दोन ठिकाणी आहेत. एक चार मीटरच्या आतल्या हॅचबॅकची: ह्युंदाई आय२० एन लाइन, १ लिटर टर्बो, १२० पीएस आणि १७२ एनएम, आणि तिच्यासमोर २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर, १२० पीएस आणि १७० एनएम. दुसरं भांडण सेडानचं: फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, तिची बहीण स्कोडा स्लाव्हिया दीड लिटरवाली (इंजिन तेच, खालचा सांगाडाही तोच, दोघी चाकणच्या), आणि समोर ह्युंदाई व्हर्ना टर्बो. मी या सेडानच्या भांडणावरच बोलणार आहे कारण तेच मी भोगलं, पण रीत हॅचबॅकलाही हीच लागते.

आठ दिवस वही ठेवा

शोरूममध्ये जायच्या आधी हे करा, हसू नका. आता जी गाडी आहे तिच्यात एक वही टाका, गाडी नसेल तर मोटरसायकलच्या डिकीत टाका, आणि आठ दिवस लिहा: किती किलोमीटर कच्चा, किती एकपदरी, किती चौपदरी, किती ब्रेकर, किती वेळा ट्रॅक्टरच्या मागं अडकलो, गाडीत किती माणसं होती. माझ्या वहीत निघालं की १०० पैकी २० किलोमीटर खराब, ५५ एकपदरी आणि फक्त २५ मोकळा मोठा रस्ता. म्हणजे ज्या २५ साठी मी रात्रभर व्हिडिओ पाहत होतो ती माझ्या आयुष्याची पाव बाजू. मावसभाऊ अमरावतीला राहतो, गावाकडं पंधरवड्यातून एकदा येतो आणि बाकी वेळ शहरात नाहीतर समृद्धीवर असतो, त्याची वही एकदम उलटी निघाली. इथंच अर्धा फैसला झाला होता, आम्हाला तेव्हा कळलं नाही एवढंच.

आकड्यांचं भांडण दहा मिनिटांत संपवा

व्हर्टस जीटीचं दीड लिटर टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) १५० पीएस आणि २५० एनएम देते, व्हर्नाचं दीड लिटर टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएम. पोट्टे चौकात या १० पीएसवरून एकमेकांची गचांडी धरतात, पण रस्त्यावर हा फरक ड्रायव्हरच्या उजव्या पायात हरवून जाते. पाहायचं ते हे की ओढ कोणत्या आरपीएमला सुरू होते. व्हर्टसची पूर्ण ओढ १६०० च्या आसपास चालू होते, व्हर्नाची १५०० ला, आणि दोघींची ३५०० पर्यंत टिकते. त्याच्या खाली दोन्ही इंजिनं झोपलेली. म्हणजे ब्रेकरवरून गाडी हळू उतरवली, गिअर दुसराच राहिला आणि आरपीएम १२०० वर आला की दाबा कितीही, गाडी "थांब ना बाप्पा" म्हणते आणि मग एकदम उडी मारते. ज्याच्या रस्त्यावर दर पाऊण किलोमीटरला ब्रेकर आहे त्यानं मॅन्युअल घेताना हे ध्यानात ठेवावं, पहिला गिअर टाकायची लाज वाटू देऊ नये.

व्हर्टसमध्ये एक गंमत आहे, पाय हलका ठेवला की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि पेट्रोल वाचते. समृद्धीसारख्या सपाट रस्त्यावर हे कामाचं आहे, आमच्या गावाच्या रस्त्यावर त्याला संधीच भेटत नाही. पारावरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मला लिटरला गावाकडं १२-१३ आणि मोठ्या रस्त्यावर १७ किलोमीटर भेटते.

दोन काठ्या आणि एक सुतळी

हा माझा आवडता भाग. ब्रोशरमध्ये व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, १७९ मिलिमीटर लिहिला आहे, तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं बसली आणि डिकीत संत्र्याच्या पेट्या टाकल्या की त्यातले तीन-साडेतीन सेंटिमीटर गेले समजा. सरकारी नियमावलीत गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं आहे, तसा ब्रेकर असला तर कोणतीही सेडान आरामात निघते. पण आमच्याकडं ब्रेकर नियमावली पाहून कोण बनवते, अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गावकरी मुरूम-सिमेंट टाकून मोकळे.

तर असं करा. दोन काठ्या घ्या, दोन्हीवर जमिनीपासून साडेचौदा सेंटिमीटरवर खूण करा, त्या खुणांना सुतळी बांधा आणि काठ्यांमध्ये २.६५ मीटर अंतर ठेवा. हा झाला तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हर्टस २६५१ मिलिमीटर, व्हर्ना २६७०, फरक बोटाएवढा). आता दोन माणसांनी सुतळी ताणून घराच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट ब्रेकरवरून ती हळूहळू पलीकडं न्या, काठ्या जमिनीवर टेकलेल्याच पाहिजेत. सुतळी ब्रेकरला लागली की भरल्या गाडीचं पोट लागणार. आमच्या शाळेसमोरच्या ब्रेकरला माझी सुतळी लागली, म्हणून मी तिथं एक चाक आधी चढवून गाडी तिरपी काढतो, आणि घरचे चारपेक्षा जास्त असले तर एकाला खाली उतरवतो. ते उतरणारं माणूस दरवेळी तेच असते आणि दरवेळी गाडीला शिव्या देते, तो भाग वेगळा. व्हर्नाचं काम करायचं तर शोरूमच्या डेमो गाडीत चार माणसं बसवून पोटाखाली स्वतः टेप लावा आणि तो आकडा सुतळीला वापरा, सेल्समनच्या तोंडचा नाही.

आणि मेहेरबानी करून १७ इंची अलॉय टाकू नका. दोघींना कंपनीकडून २०५/५५ आर१६ टायर येतात, म्हणजे टायरची भिंत सव्वाअकरा सेंटिमीटर. २०५/५० आर१७ टाकले की एक सेंटिमीटर रबर कमी झालं, आणि खड्ड्यात रिम वाकायला तेवढं पुरते. दिसायला भारी दिसते हे मान्य.

गिअरबॉक्स: इथं सगळ्यात जास्त वेळ घाला

मॅन्युअल दोघींत ६ स्पीड, ऑटोमॅटिक दोघींत ७ स्पीड ड्युअल क्लच. फोक्सवॅगन त्याला डीएसजी म्हणते, ह्युंदाई डीसीटी. हे गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर इतके झटपट बदलतात की मॅन्युअलवाल्याला कमीपणा वाटावा. पण व्हर्टसचा डीएसजी ड्राय क्लचवाला आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेवर थंड होतो. आता बहिरमच्या जत्रेत गाडी घातली, पुढं माणसंच माणसं, गाडी गोगलगायीसारखी सरकून राहिली. त्या वेळी गिअरबॉक्स आतल्या आत अर्धा क्लच दाबून धरते, आणि तो क्लच तापतो, उन्हाळ्यात तर जास्तच. तापला की वॉर्निंग येते, आणि रोज असंच वापरलं की झिजतो.

म्हणून ऑटोमॅटिक घेतली तर गाडी सरकवत राहू नका, ब्रेक दाबून थांबा, समोर दोन गाड्यांची जागा झाली की नीट उचलून पुढं जा आणि परत थांबा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि ज्याचा रोजचा रस्ताच बैलगाडी, गुरं आणि बाजाराच्या गर्दीतून जातो पण ऑटोमॅटिकच पाहिजे, त्यानं माझं ऐकलं तर व्हर्टसचं १ लिटर टीएसआय पाहावं. ११५ पीएस आणि १७८ एनएम, सोबत जुन्या पद्धतीचा ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, जो तेलातून ताकद पोचवतो म्हणून रांगण्याला कंटाळत नाही. मजा थोडी कमी, डोक्याला ताप बराच कमी. माझ्या वहीत ट्रॅक्टर आणि गुरांच्या मागं घालवलेला वेळ रोज पंचवीस मिनिटं निघाला, म्हणून मी मॅन्युअल. मावसभावाच्या वहीत तो वेळ जवळपास शून्य होता.

टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

पहिल्या वेळी मी गेलो तेव्हा एका शोरूमच्या पोट्ट्यानं मला मॉलच्या भोवती ३ किलोमीटर फिरवलं, तिसऱ्या गिअरला गाडी नेली की "सर इथं जास्त नका दाबू" म्हणे. असल्या टेस्ट ड्राइव्हला काही अर्थ नाही. गावाकडून शंभर किलोमीटर जाऊन त्या पोट्ट्याच्या गप्पा ऐकून परत आलो, डिझेल माझं गेलं.

मधल्या वारी फोन करा, शनिवार-रविवार टाळा, आणि सरळ सांगा की घरचे तीन जण सोबत येतील आणि मला अर्धा तास पाहिजे, नसेल जमत तर दुसऱ्या शहरात जातो. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवा, नाहीतर कालची गाडी आठवणीत उगीच चांगली नाहीतर उगीच वाईट होते. जमलं तर एप्रिल-मेच्या दुपारी, कारण ४५ डिग्रीत एसी फुल आणि पाच माणसं असताना गाडी कशी उठते आणि मागच्या सीटवर कितव्या मिनिटाला हवा पोचते हे डिसेंबरात कळत नाही.

गाडीत बसलं की म्युझिक बंद. मोकळा तुकडा भेटला की तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत न्या, कारण ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओव्हरटेक करताना तुम्हाला एवढंच लागते, शून्य ते शंभर आपल्याकडं कोणी करत नाही. मग खराब तुकड्यावर ३० नं जा आणि स्टिअरिंग, दारं, डॅशबोर्ड यांचा आवाज ऐका. मग स्वतः मागं बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. हे बरेच गाडीवेडे करत नाहीत आणि घरी नेल्यावर आईच्या कमरेचं ऐकून घेतात.

एक फेरी अंधार पडल्यावर मागा. दोघींना एलईडी दिवे आहेत, पण उजेड किती रुंद पसरते ते डोळ्यानं पाहा. कापसाच्या दिवसांत ट्रॉल्या मागं एकही लाल दिवा नसताना चालतात, रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा येतो, रानडुकरं तर पिलांसकट येतात, आणि ती सरळ समोर नाही तर बाजूच्या तुरीतून येतात.

चिखलदऱ्याचा घाट

ज्याला खरंच चालवायची हौस आहे त्यानं ओळखीतल्या कोणाच्या दोन्ही गाड्या मिळवून परतवाडा ते चिखलदरा एकदा तरी जावं. आम्ही दोघं घेतल्यावर गेलो, आधी जायला पाहिजे होतं. गाव हजार मीटरच्या वर आहे, वळणं एकामागं एक, आणि मेळघाटाचं जंगल असल्यामुळं वेग लावायची ती जागाही नाही, पण ४० वरसुद्धा गाडी काय चीज आहे ते तिथं कळते.

व्हर्टस वळणात घट्ट बसते, स्टिअरिंग फिरवलं तेवढीच फिरते, मन भरून येते. खड्डा आला की मात्र मागच्याला "आला" म्हणून कळवते. व्हर्नाचं स्टिअरिंग हलकं, बॉडी थोडी जास्त झुकते, पण मागची सीट सोफ्यासारखी, माझी आई येताना त्याच्याच गाडीत बसली आणि अर्ध्या घाटात झोपली. पावसाचे दिवस होते. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या, आणि ओल्या चढाच्या वळणात जरा जोरात दाबलं की व्हर्नाचं आतलं चाक घसरून ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकायचा. माझीनंही एकदोनदा तेच केलं, खोटं काऊन बोलू.

उतरताना एक गोष्ट. व्हर्ना टर्बोला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, व्हर्टसला मागं ड्रम. लोक यावरून फोक्सवॅगनला नावं ठेवतात आणि या किमतीत ते बरोबरही आहे, पण घाटात कोणत्याही गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये उतरवलं की ब्रेकवर फारसा भार येत नाही. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हातानं खाली घेता येतो, मावसभावाला हे अर्धा घाट उतरल्यावर समजलं तेव्हा वास यायला लागला होता.

सुरक्षितता

ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या धडकवून पाहायच्या चाचणीत, तिघींना ५ स्टार आहेत. व्हर्टस-स्लाव्हियाला मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.७१, व्हर्नाला २८.१८, आणि लहान मुलांसाठी तिघींना ४९ पैकी ४२. पण स्टारच्या खाली एक ओळ असते ती वाचा: व्हर्टसचा सांगाडा स्थिर म्हटला आहे, व्हर्नाचा अस्थिर. मला हे जड वाटलं, मावसभावाला नाही वाटलं, कारण व्हर्नाच्या वरच्या मॉडेलमध्ये रडारवाला एडास (ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा) आहे आणि समृद्धीवर तासन्‌तास सरळ जाताना डुलकी लागली तर तो ओरडतो. त्याच्यासाठी ते खरंच कामाचं. आमच्या रस्त्यावर लेन असिस्टला लेनच सापडत नाही.

पैशाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत आली, म्हणजे आय२० एन लाइनसारख्या गाड्यांचा चांगला फायदा झाला. व्हर्टस-व्हर्ना मोठ्या म्हणून ४० टक्क्यांत, आधी सेस धरून ४५ होते. त्यावर आपल्या राज्यात वैयक्तिक पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्याच्या वर १३. म्हणून ऑन-रोड कोटेशन कागदावर मागा, आणि त्यात "हँडलिंग" नावाची ओळ दिसली तर ती खोडायला लावा.

विम्यात झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारा) तर घ्याच, पण इंजिन प्रोटेक्टही घ्या. नाल्यावरच्या पुलावरून पाणी चाललं असताना गाडी घातली आणि बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका, पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर रॉड वाकतो आणि साधा विमा त्याचे पैसे देत नाही. कर्जाचा हप्ता महिन्याचा ठेवायचा की सहामाही हे बँकेत विचारा. संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आसपास येते, दर महिन्याला नाही येत.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते मोजा आणि त्याला दोननं गुणा, कारण गाडी सोडायला आणि आणायला दोन फेऱ्या होतात. ह्युंदाईचं जाळं मोठं आहे, जवळच्या गावात भेटते. फोक्सवॅगनसाठी मला अमरावती नाहीतर नागपूर. खेड्यातल्या धुळीत एअर फिल्टर कंपनीच्या मुदतीआधीच भरते, तो मी घरीच काढून पाहतो. आणि कोठ्याजवळ (गुरांच्या गोठ्याजवळ) गाडी लावत असाल तर उंदीर वायरी कुरतडतात, बॉनेट आठवड्यातून एकदा उघडाच.

सेकंडहँड पोलो जीटी टीएसआयचा मोह बऱ्याच जणांना होतो, मलाही झाला होता. २०२० च्या आधीची १.२ लिटर, १०५ पीएस आणि तोच ड्राय क्लच डीएसजी. नंतरची १ लिटर, ११० पीएस आणि टॉर्क कन्व्हर्टर. खेड्यासाठी दुसरी घ्या. पहिली पाहायचीच तर गाडी गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगवा, थरथरली तर भाव करत बसू नका, उठून या. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, म्हणून त्या वर्षाच्या गाडीला ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं) चालते का हे पंपावर उभं राहिल्यावर आठवण्यापेक्षा आधीच कंपनीकडं विचारून घ्या.

डिलिव्हरीच्या दिवशी

उजेडात जा, संध्याकाळी नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही टायरचे पाहा. किलोमीटर, चॅसी नंबर, काचांवरचं वर्ष, रंगाला कुठं बोटाला खरखर लागते का, सगळं हार घालायच्या आधी. एकदा हार पडला आणि फोटो निघाला की भांडायला तोंड राहत नाही. पहिले हजार किलोमीटर दाबू नका, एकाच वेगानं लांब जाऊ नका.

मी गाडी घेऊन सरळ अंबादेवीला गेलो. चाकाखाली लिंबू ठेवा, हरकत नाही, पण नारळ बाजूच्या दगडावर फोडा. माझ्या काकानं भक्तिभावानं बंपरच्या जवळ फोडला, तो ओरखडा अजून तसाच आहे, आणि पारावर आता तिसरा प्रश्न त्याच्यावरूनच येतो.